पहाटेची साखर आणि मायकेल सोमोजी

एखाद्या शास्त्रज्ञाचे नाव मापाला, पद्धतीला किंवा परिणामाला चिकटले, की हळूहळू माणूस मागे पडतो आणि नावच तेवढे उरते. मायकेल सोमोजी यांचे असेच झाले आहे. रसायनशास्त्राच्या आणि कृषी महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत विद्यार्थी नेल्सन-सोमोजी पद्धतीने शर्करेचे प्रमाण काढतात. रक्तातील अमायलेज हे विकर सोमोजी एककांत मोजले जात असे, हे जुन्या डॉक्टरांना आठवत असेल. आणि ज्यांच्या घरी इन्सुलिनवर जगणारे मूल आहे, त्या आईबापांच्या कानांवर 'सोमोजी परिणाम' हे शब्द केव्हा ना केव्हा पडलेले असतात. या तिन्ही ठिकाणचे सोमोजी एकच, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते.

१९७१ साली निवर्तलेल्या या रसायनशास्त्रज्ञाचे चरित्र आज सांगावेसे वाटते, त्याला कारण आहे. ज्या प्रश्नावर त्यांनी उत्तरायुष्यातील कितीतरी वर्षे खर्ची घातली, तो प्रश्न आजही असंख्य घरांत रोज सकाळी उभा राहतो. शिवाय त्यांनी दिलेले उत्तर पुढे बऱ्याच अंशी टिकले नाही. ज्यांचे सिद्धान्त टिकले त्यांची चरित्रे आपण आवडीने वाचतो. ज्यांचे टिकले नाहीत, त्यांच्या वाट्याला पाठ्यपुस्तकातील एखादी तळटीप येते. अर्थशास्त्राच्या अध्यापकाला अशा तळटिपांविषयी थोडी आस्था असते, कारण त्याच्या स्वतःच्या शास्त्राचा बराच मोठा भाग त्यांतच मोडतो!

प्रश्न सांगायला सोपा आहे. पहिल्या प्रकारच्या मधुमेहात स्वादुपिंडातील इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशी जवळजवळ नष्ट झालेल्या असतात. हा आजार बहुधा लहानपणी किंवा तरुण वयात गाठतो आणि त्यानंतर इन्सुलिन जन्मभर बाहेरून टोचून घ्यावे लागते. अशा एखाद्या मुलाची रक्तशर्करा रात्री झोपताना १४० असते. त्यानंतर ते काही खात नाही, पीत नाही. सकाळी सहा वाजता बोट टोचून पाहावे, तर आकडा २६०. आई विचारते, रात्री उठून डब्यातला लाडू खाल्लास का? मूल रडकुंडीला येते, कारण त्याने काहीच खाल्लेले नसते. ही साखर बाहेरून आलेलीच नसते. यकृत हे शरीराचे साखरेचे कोठार आहे आणि रात्रीच्या उपासात मेंदूला शिधा पुरवण्यासाठी ते स्वतःचे दार किलकिले करून ठेवते. ते दार किती उघडावे याला आवर घालणारा पहारेकरी म्हणजे इन्सुलिन. पहाटे हा पहारा ढिला पडतो आणि साखर बाहेर येते. तो का ढिला पडतो, हाच वादाचा मुद्दा.

सोमोजी यांचा जन्म ७ मार्च १८८३ रोजी तेव्हाच्या ऑस्ट्रिया-हंगेरी साम्राज्यातील झामांड नावाच्या खेड्यात झाला. पहिल्या महायुद्धानंतर सीमा सरकल्या, १९२१ साली तो टापू ऑस्ट्रियात गेला आणि आज ते गाव राइनर्सडॉर्फ या जर्मन नावाने ओळखले जाते. बुडापेस्ट विद्यापीठातून १९०५ साली रसायन अभियांत्रिकीची पदवी घेऊन हा तरुण थोड्याच काळात अमेरिकेला गेला. आरंभीचे दिवस ओढगस्तीत काढल्यानंतर कॉर्नेल विद्यापीठात जीवरसायनशास्त्राचा साहाय्यक म्हणून त्याला काम मिळाले. तेथेच फिलिप शॅफर या अमेरिकी जीवरसायनशास्त्रज्ञाशी त्याची ओळख झाली. ही ओळख पुढे त्याच्या आयुष्याला वळण देणारी ठरली, पण लगेच नव्हे. सोमोजी मायदेशी परतले, बुडापेस्टच्या नगरपालिकेच्या प्रयोगशाळेत त्यांनी नोकरी धरली आणि १९१४ साली डॉक्टरेट मिळवली. त्याच वर्षी युद्ध सुरू झाले आणि चार वर्षांनी ते साम्राज्यच नकाशावरून पुसले गेले. पुढे शॅफर यांनी त्यांना सेंट लुईस येथील वॉशिंग्टन विद्यापीठाच्या वैद्यकीय विभागात बोलावून घेतले, तेव्हा १९२२ साल उजाडले होते आणि सोमोजींनी चाळिशीच्या उंबरठ्यावर पाऊल ठेवले होते. ज्या वयात आमच्याकडील माणूस निवृत्तिवेतनाचे हिशेब मांडू लागतो, त्या वयात त्यांनी दुसऱ्यांदा समुद्र ओलांडला.

ते वर्ष मोठे मोक्याचे होते. १९२१ च्या उन्हाळ्यात कॅनडातील टोरोंटो येथे बँटिंग आणि बेस्ट यांनी स्वादुपिंडातून इन्सुलिनचा अर्क काढला होता आणि जानेवारी १९२२ मध्ये लेनर्ड टॉम्प्सन या चौदा वर्षांच्या मुलाला तो प्रथम टोचण्यात आला होता. त्यापूर्वी या आजाराच्या मुलांवर एकच उपाय होता, तो म्हणजे उपासमार. दिवसाला चारपाचशे उष्मांकांवर ठेवलेली मुले अस्थिपंजर होऊन काही महिने, फार तर एकदोन वर्षे अधिक जगत. अशा स्थितीत औषध सापडल्याची वार्ता आली, पण औषध मात्र पुरेसे मिळेना. एका खेपेचा अर्क गुणकारी निघे, तर दुसरी खेप निव्वळ गढूळ पाणी ठरे. हाती आलेला शोध कारखान्यात उतरवणे हे शोधाइतकेच अवघड काम असते आणि ते रसायनशास्त्रज्ञांचे काम होते.

सेंट लुईसमध्ये शॅफर, एडवर्ड डॉयझी आणि सोमोजी या तिघांनी ते हाती घेतले. प्रत्येक प्रथिनाचा एक विशिष्ट आम्लतेचा बिंदू असतो. द्रावण नेमके त्या बिंदूवर आणले, की प्रथिन विरघळलेले न राहता साका होऊन तळाशी बसते. इन्सुलिनचा हा बिंदू पकडला, तर ते अशुद्ध द्रव्यांतून वेगळे काढता येते, हे त्यांच्या ध्यानात आले. जवळपास त्याच सुमारास एली लिली या औषध कंपनीतील जॉर्ज वॉल्डन यांनाही हीच युक्ती स्वतंत्रपणे सापडली आणि तिच्यामुळेच इन्सुलिनचे मोठ्या प्रमाणावरील उत्पादन शक्य झाले. १९२२ च्या ऑक्टोबरात सोमोजींनी तयार केलेले इन्सुलिन एका मधुमेही मुलाला देण्यात आले. अमेरिकेत मुलांना मिळालेल्या अगदी सुरुवातीच्या इन्सुलिनपैकी ते होते. डॉयझी पुढे के-जीवनसत्त्वाकडे वळले आणि त्यांना १९४३ चे नोबेल पारितोषिक मिळाले. सोमोजी साखरेपाशीच राहिले.

१९२६ साली ते सेंट लुईसच्या ज्यूइश हॉस्पिटलमध्ये जीवरसायनशास्त्रज्ञ म्हणून रुजू झाले. रुग्णालयात डॉक्टर हा राजा असतो आणि प्रयोगशाळेतला माणूस त्याचा कारकून. नमुना यायचा, आकडा द्यायचा, पुढे त्या आकड्याचे काय झाले हे विचारायचे नाही, अशी सर्वसाधारण रीत. सोमोजी वैद्य नव्हते, तेव्हा तीच रीत त्यांनाही लागू होती. पण ज्याने आयुष्यभर आकडे नीट काढण्याचे काम केले, तो आकड्यांकडे परक्या नजरेने पाहू शकत नाही. आधी त्यांनी आकडेच विश्वासार्ह केले. त्या काळच्या पद्धतींत साखरेबरोबर रक्तातील इतर काही द्रव्येही मोजली जात, त्यामुळे साखरेचा आकडा फुगत असे. जस्ताच्या क्षारांनी रक्तातील प्रथिने आणि ही भेसळ बाजूला काढण्याची रीत सोमोजींनी बसवली. साखर मोजण्याचे तांब्याचे द्रावण सुधारले. नेल्सन यांनी १९४४ साली त्याला प्रकाशमापनाची जोड दिली आणि दोघांच्या नावाची ती पद्धत जगभरच्या प्रयोगशाळांत गेली. या कामात कोणताही थरार नाही. वर्तमानपत्रात त्याची बातमी होत नाही. पण दुकानातील तराजू खरा असल्याशिवाय भावाची चर्चा व्यर्थ असते.

आता १९३० नंतरच्या काळातील मधुमेही माणसाचा दिनक्रम डोळ्यांपुढे आणावा, म्हणजे सोमोजींनी जे म्हटले त्याचे धाडस कळेल. घरी रक्त तपासण्याची सोय नव्हती. सकाळी उठून परीक्षानळीत बेनेडिक्टचे निळे द्रावण घ्यायचे, त्यात लघवीचे आठ थेंब टाकून ते उकळायचे आणि रंग पाहायचा. रंग निळाच राहिला तर साखर नाही. हिरवा, पिवळा, नारिंगी आणि शेवटी विटेसारखा लाल, अशी ती चढती भाजणी. या परीक्षेत दोन उणिवा होत्या. लघवीत उतरलेली साखर ही रात्रभराच्या साऱ्या तासांची गोळाबेरीज असे, त्यांपैकी कोणत्या तासाला काय घडले हे ती सांगत नसे. आणि रक्तातील साखर सुमारे १८० च्या वर गेल्यावाचून ती लघवीत दिसतच नसे. म्हणजे निळा रंग १२० लाही येणार आणि जिवाला धोका असणाऱ्या ४० लाही येणार. नदीकाठच्या खांबावर फक्त पुराची खूण कोरावी आणि दुष्काळाची खूण कोरूच नये, तसे हे होते.

अशा परीक्षेवर विसंबून डॉक्टर काय करणार? सकाळचा रंग लाल, म्हणजे रात्रीचे इन्सुलिन अपुरे, सबब मात्रा वाढवा. १९३६ साली डेन्मार्कच्या हागेडोर्न यांचे प्रोटामिनयुक्त, सावकाश काम करणारे इन्सुलिन आले. रात्रभर पुरेल अशी मात्रा देणे आता शक्य झाले, तसा हा हिशेब अधिकच सरसकट होऊ लागला. काही रुग्णांत मात्र चमत्कारिक प्रकार दिसे. मात्रा वाढवावी तो सकाळचा रंग अधिकच लाल. आज साखर आकाशाला, उद्या रसातळाला. अशा रुग्णांचा मधुमेहच हट्टी, ठिसूळ असल्याचे सांगितले जाई. पथ्य मोडल्याचा आरोपही त्यांच्यावर होई. दोष रुग्णाचा किंवा रोगाचा, उपायाचा कधीच नाही, ही मनोवृत्ती केवळ वैद्यकातच आढळते असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही.

१९३८ साली सोमोजींनी उलटेच सांगितले. या रुग्णांत इन्सुलिनची मात्रा कमी पडत नसून जास्त होत आहे आणि सकाळची भडकलेली साखर हे त्या अतिरेकाचेच फळ आहे, असे त्यांनी मांडले. त्यांची उपपत्ती अशी : जास्त इन्सुलिनमुळे मध्यरात्रीनंतर रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत घसरते. रुग्ण झोपेत असल्याने त्याला ते कळत नाही. पण शरीर गप्प बसत नाही. मेंदू उपाशी मरेल या भीतीने अधिवृक्क ग्रंथी आणि पीयूषिका ग्रंथी आपली संप्रेरके सोडतात, यकृताचे कोठार सताड उघडले जाते आणि साखरेचा लोंढा बाहेर पडतो. सकाळी परीक्षानळीत दिसतो तो हा लोंढा. त्याला उत्तर म्हणून इन्सुलिन वाढवले, की पुढच्या रात्री घसरण आणखी खोल आणि उसळी आणखी उंच. ही उपपत्ती हवेत बांधलेली नव्हती. साखर घसरली असता अधिवृक्क ग्रंथीचा स्राव वाढतो, हे हार्वर्डच्या वॉल्टर कॅनन यांनी १९२४ सालीच प्राण्यांवरील प्रयोगांनी दाखवले होते. शरीर स्वतःचा समतोल स्वतःच सावरते हा विचार त्या काळात नवा आणि मोहक होता.

येथे एक योगायोग नोंदवल्यावाचून राहवत नाही. त्याच १९३८ साली मॉर्डेकाय इझिकेल यांचा कोळ्याच्या जाळ्याचा सिद्धान्त विशद करणारा प्रसिद्ध लेख अर्थशास्त्राच्या एका मान्यवर त्रैमासिकात आला. गेल्या हंगामाचा भाव पाहून शेतकरी या हंगामाची लागवड ठरवतो. भाव चढा होता म्हणून सर्वांनीच कांदा लावला, की पुढे भाव कोसळतो. कोसळला म्हणून सर्वांनीच हात आखडता घेतला, की तो पुन्हा भडकतो. लासलगावच्या बाजारात उभ्या राहिलेल्या कोणालाही हे नव्याने सांगायला नको. उशिरा मिळालेल्या आणि अपुऱ्या माहितीवर भारी प्रतिक्रिया दिली, की स्थैर्याऐवजी हेलकावे पदरी पडतात, एवढेच त्याचे सार. सोमोजी आणि इझिकेल यांनी एकमेकांचे नाव ऐकले असण्याची शक्यता फार थोडी. पण सेंट लुईसच्या रुग्णालयातील रात्र आणि शेतमालाचा बाजार या दोहोंचे गणित त्या एका वर्षी दोन ठिकाणी एकाच पद्धतीने मांडले गेले, हे खरे.

सोमोजींचा उपाय त्यांच्या उपपत्तीइतकाच धीटपणाचा होता. लाल रंग दिसत असतानाही इन्सुलिन थोडे थोडे कमी करत जायचे आणि आहाराची वाटणी सुधारायची. साखर वाढलेली दिसत असता औषध कमी करा, हे एका रसायनशास्त्रज्ञाने वैद्यांना सांगणे म्हणजे आग लागली असता पाण्याचा नळ आवळायला सांगण्यासारखे होते. वैद्यकीय जगाने ते सहजासहजी मानले नाही. सोमोजी मात्र वर्षानुवर्षे मोजमापे गोळा करत राहिले. ज्या शोधनिबंधामुळे त्यांचे नाव या परिणामाला कायमचे चिकटले, तो १९५९ साली प्रसिद्ध झाला. इन्सुलिनच्या अतिरेकी क्रियेने मधुमेह चिघळतो, हेच त्याचे प्रतिपाद्य होते. लेखक तेव्हा ७६ वर्षांचे होते.

त्यानंतरच्या दोन दशकांत पारडे त्यांच्या बाजूने झुकले. पाठ्यपुस्तकांनी सोमोजी परिणाम उचलून धरला आणि सकाळची वाढलेली साखर दिसली, की रात्री घसरली असणार, असे पढवले जाऊ लागले. एके काळी सरसकट मात्रा वाढवली जाई, आता ती तितक्याच सरसकटपणे कमी केली जाऊ लागली. एका रूढीच्या जागी दुसरी रूढी आली. २१ जुलै १९७१ रोजी सोमोजी वारले तेव्हा त्यांचा विचार असा ऐन भरात होता.

उतरती कळा लागली ती मोजमापामुळेच. १९८० साली गेल, कुर्ट्झ आणि टॅटरसॉल या ब्रिटिश संशोधकांनी सोमोजी परिणामाचा शोध घेण्यासाठी रुग्णांचे रक्त रात्रभर तपासले. रात्री साखर घसरणे ही गोष्ट त्यांना वारंवार आढळली, पण सकाळच्या चढाचे कारण ती घसरण असल्याचे दिसेना. संध्याकाळी दिलेल्या इन्सुलिनचा जोर पहाटेपर्यंत ओसरतो, एवढ्याने बहुतेक चढाचा उलगडा होत होता. पुढच्याच वर्षी अमेरिकेतील संशोधकांनी आणखी एका गोष्टीला नाव दिले : पहाटेची उसळी, डॉक्टरांच्या भाषेत डॉन फिनॉमेनन. रात्री साखर मुळीच न घसरता पहाटे तीनचारपासून सूर्योदयानंतर तासदोन तासांपर्यंत ती आपोआप चढू लागते. १९८४ साली बोली आणि गेरिक यांनी ही उसळी मधुमेहाच्या दोन्ही प्रकारांत सर्रास आढळते असे दाखवले आणि वर्षभरात तिचा धागा मुख्यत्वे वाढीच्या संप्रेरकाशी जुळवला गेला. गाढ झोपेत हे संप्रेरक लाटेलाटेने स्रवते आणि काही तासांनी इन्सुलिनला बोथट करते. निरोगी माणसाचे स्वादुपिंड पहाटे थोडे जास्त इन्सुलिन सोडून हा हिशेब मिटवते, म्हणून त्याला काही कळत नाही. ज्याच्याकडे स्वतःचे इन्सुलिनच नाही, त्याची साखर मात्र चढते. वयात येणाऱ्या मुलामुलींत हे संप्रेरक भरतीला असते. तेरा-चौदा वर्षांच्या मुलांच्या सकाळच्या आकड्यांनी आईबाप हैराण होतात ते म्हणूनच.

१९८७ साली तर सोमोजींच्या सिद्धान्तावर थेट घाव पडला. रुग्णांची साखर रात्री मुद्दाम खाली जाऊ दिली, तरी सकाळची साखर त्यामुळे वाढत नाही, असा निष्कर्ष निघाला. सर्वांना तो पटला नाही, वाद काही वर्षे चालला. पुढे त्वचेखाली बसवून दर काही मिनिटांनी साखर नोंदवणारी उपकरणे आली. २००५ च्या सुमारास त्यांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा ज्या रात्री साखर घसरली त्या रात्रीनंतरची सकाळची साखर सरासरीने उलट कमीच आढळली. असे का व्हावे? एक तर ज्या जास्तीच्या इन्सुलिनने साखर पाडली, ते सकाळपर्यंत अंगात असतेच. दुसरे, पहिल्या प्रकारच्या मधुमेहात काही वर्षांतच साखर घसरल्यावर ग्लुकागॉन सोडण्याची शरीराची शक्ती क्षीण होते. आणि तिसरे, १९९८ साली दाखवून दिल्याप्रमाणे, झोपेत अधिवृक्क ग्रंथीचा प्रतिसादही मंदावतो. शरीर रात्री जागे राहून पहारा करते, या सोमोजींच्या गृहीताला येथे तडा जातो. पहारेकरीही झोपलेलाच असतो! साखर घसरून भरपूर गोड खाल्ले आणि मग ती वर गेली, असे अर्थातच घडते, पण ती उसळी वाटीची असते, ग्रंथींची नव्हे.

मग सोमोजी चुकले असे म्हणून पान उलटावे काय? माझ्या मते नाही. सकाळचा आकडा पाहून रात्रीचा निकाल देऊ नका, हे त्यांच्या म्हणण्यातील मर्म होते आणि ते अबाधित आहे. जास्त इन्सुलिन हेही कमी इन्सुलिनाइतकेच घातक असू शकते, ही त्यांची ताकीदही तशीच खरी आहे. त्यांच्या अनुयायांनी मात्र मर्म सोडले आणि सूत्र धरले. हा अनुभव अर्थशास्त्रात केन्सच्या अनुयायांना नि विरोधकांना, दोघांनाही आहे.

यात जिवाचा प्रश्न आहे. सकाळचा तोच एक २६० चा आकडा तीन वेगवेगळ्या रात्रींनंतर दिसू शकतो. साखर झोपतानाच चढी असून रात्रभर चढीच राहिली असेल, तर रात्रीचे जेवण किंवा संध्याकाळची मात्रा तपासावी लागते. मध्यरात्री ठीक असून पहाटे चढली असेल, तर ती पहाटेची उसळी किंवा इन्सुलिनची ओहोटी. अशा वेळी मध्यम काळ टिकणारे इन्सुलिन संध्याकाळी जेवणाआधी न घेता झोपताना घेणे, दीर्घकाळ सम प्रमाणात काम करणारे नवे इन्सुलिन वापरणे किंवा इन्सुलिन पंप असल्यास पहाटेचा प्रवाह वाढवणे, असे मार्ग डॉक्टर सुचवतात. आणि मध्यरात्री साखर घसरली असेल, तर मात्रा वाढवणे म्हणजे झोपलेल्या मुलाला दरीकडे ढकलणे. झटके येणे, शुद्ध हरपणे आणि क्वचित मृत्यूही, इथपर्यंत हे जाऊ शकते. घामाने भिजलेली चादर, भीतिदायक स्वप्ने, सकाळची डोकेदुखी ही घसरणीची लक्षणे सांगितली जातात, पण ती असतीलच असे नाही. म्हणून या तीन रात्रींतील फरक ओळखण्याचा खात्रीचा उपाय एकच : ओळीने काही रात्री झोपताना, पहाटे तीन वाजता आणि उठल्यावर साखर तपासून तिन्ही आकडे लिहून ठेवायचे, आणि ते डॉक्टरांपुढे मांडल्याशिवाय मात्रेला हात लावायचा नाही. इन्सुलिन पूर्ण बंद करणे हा तर कोणत्याच परिस्थितीत पर्याय नव्हे.

सोमोजींना ही सोय लाभली नाही. बोटातील थेंबावरून साखर सांगणारे पहिले यंत्र अमेरिकेत १९७० साली आले, ते जड होते, महाग होते आणि डॉक्टरांच्या खोलीपुरते होते. रुग्णांनी घरी स्वतः रक्त तपासावे ही कल्पना रुजली ती त्यांच्या मृत्यूनंतर सातआठ वर्षांनी. ज्याने आयुष्य साखर मोजण्यात घालवले, त्याला रुग्णाच्या पहाटे तीनच्या साखरेविषयी बरेचसे अनुमानच करावे लागले.

आपल्याकडे यंत्र आहे, पण पहाटे तीनची तपासणी किती घरांत होते? येथे वैद्यक संपते आणि माझा विषय सुरू होतो. यंत्राची किंमत एकदाच द्यावी लागते, खरा खर्च पट्ट्यांचा. एक पट्टी दहा ते पंचवीस रुपयांना पडते. दिवसाला चार पट्ट्या म्हटले, तरी महिन्याचा हिशेब कारकुनाच्या किंवा विनाअनुदानित शाळेतील शिक्षकाच्या घरात डोळ्यांत भरण्याइतका होतो. इन्सुलिन टाळता येत नाही, म्हणून काटकसर पट्ट्यांवर येते. आधी दुपारची तपासणी गळते, मग रात्रीची, आणि पहाटेची तर कधी सुरूच झालेली नसते. उरतो तो सकाळचा एकुलता आकडा. १९३८ सालच्या परीक्षानळीतील लाल रंगाहून तो फारसा अधिक बोलका नाही.

शासनाने याची दखल घेतली नाही असे नव्हे. दीर्घकाळ काम करणाऱ्या इन्सुलिनांचा समावेश जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली अत्यावश्यक औषधांच्या यादीत केला आणि त्यांपैकी ग्लार्जिन हे इन्सुलिन आपल्या राष्ट्रीय यादीत २०२२ साली आले. पहाटेच्या चढावर या औषधाचा उपयोग मोठा आहे. पण त्याची मात्रा ठरवायची ती कशावरून? सरकारी रुग्णालयात इन्सुलिन मिळाले, तरी त्याबरोबर पट्ट्या मिळतीलच असे नाही. औषध हा हक्क आणि तपासणी ही चैन, अशी विभागणी आपल्या अंदाजपत्रकी विचारात खोल रुतलेली आहे. पट्टी ही वेगळी वस्तू न धरता इन्सुलिनच्या कुपीचाच भाग धरावी आणि पहिल्या प्रकारच्या मधुमेहाच्या प्रत्येक मुलाला कुपीबरोबर महिन्याच्या पट्ट्या मोजून द्याव्यात, एवढी मागणी शाळा-महाविद्यालयांतील आपण सर्वांनी लावून धरायला हरकत नाही. अशी मुले आपल्याच वर्गांत बसलेली असतात. पहिल्या तासाला पेंगणारा किंवा पाणी प्यायला वारंवार उठणारा विद्यार्थी आळशीच असेल असे नाही. त्याची सकाळ कदाचित २६० वर उजाडलेली असते.

माझ्या परिचयाच्या एका कुटुंबाने यातून आपल्यापुरता मार्ग काढला आहे. रोज पहाटे उठणे जमत नाही आणि परवडतही नाही. म्हणून महिन्यातून ओळीने तीन रात्री ते गजर लावतात, शक्यतो दुसऱ्या दिवशी सुटी असेल अशा बेताने. आई बॅटरीच्या उजेडात मुलीचे बोट टोचते, बाप आकडा कॅलेंडरवर त्या तारखेच्या चौकोनात लिहितो, मुलगी बहुधा जागीही होत नाही. दुधाच्या आणि गॅसच्या नोंदींशेजारी ते आकडे असतात आणि दर तीन महिन्यांनी कॅलेंडरची ती पाने घडी घालून डॉक्टरांकडे नेली जातात.